सल्ला फुकट, कल्हई रोख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नाशिकच्या औषधोपचारांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटले की चष्मा पुसून घ्यायला हवा. इंग्रजी अमदानीत सरकारी दवाखाना निघेपर्यंत इथला साधा माणूस देवऋषी आणि अंगारेधुपारे यांच्याच हवाली होता, असा त्या लेखाचा एकूण सूर. आणि गंमत पाहा, त्याच पानावर खाली तांब्याच्या बाटलीची जाहिरात. रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी त्यातच लिंबू पिळून प्या, अंगात स्फूर्ती येईल. वरच्या मजकुरात आमचे पूर्वज अडाणी ठरलेले, आणि खालचा मजकूर असा की तो वाचून माझ्या पणजोबांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

मी तांबट लेनमधली माहेरवाशीण. वय ७७. पालिकेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले, त्यामुळे खाडाखोड दिसली की हात शिवशिवतात, एवढे समजून घ्यावे.

माझ्याकडे पणजोबांची एक वही आहे. लांबट, लाल खारव्याच्या पुठ्ठ्याची, वरच्या बाजूने दोऱ्याने शिवलेली. १९६९ च्या पुरात ती भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात खालच्या फळीवर होती, म्हणून कोपरे काळे पडले आहेत आणि मधली काही पाने एकमेकांना धरून बसली आहेत. पुढून उघडली की तांब्या-पितळेचा हिशेब : मोड किती आली, पत्रा किती घेतला, कुणाचे घंगाळ, कुणाचा बंब, घडणावळ, घट. वही उलटी धरून मागून उघडली की औषधे. सगळे मोडीत. आम्ही ती वही वर्षानुवर्षे दसऱ्याला हळदकुंकू वाहून पुजत होतो, वाचायचे मात्र कुणाच्या मनात आले नाही. मी निवृत्त झाल्यावर मोडीच्या वर्गाला जाऊन बसले, तेव्हा कुठे कळले की आपण काय पुजत होतो.

मागच्या बाजूची पाने म्हणजे वैद्याचे बाड नव्हे. पणजोबा तांबट होते, त्यांनी आयुष्यभर हातोडाच धरला. त्यांनी लिहिले आहे ते एवढेच की कुणाला काय झाले आणि कुणी काय सांगितले. ‘वैद्यबुवांनी सांगितले’, ‘हकीमसाहेबांनी सांगितले’, ‘दवाखान्यात सांगितले’, ‘न्हाव्याने सांगितले’, ‘ओताऱ्याने सांगितले’ आणि अधूनमधून ‘आपण सांगितले’. देवऋषीही आहे, नाही असे नाही. पण तो या रांगेतला एक. आणि त्याच्या नोंदीपुढे बहुतेक ठिकाणी ‘गुण नाही’ असे लिहिले आहे. (न्हाव्यापुढे तसे फारसे लिहिलेले नाही. गळू कापले की गुण तिथल्या तिथे दिसतो.)

आता ‘आपण सांगितले’ या नोंदींकडे येते, कारण माझे सगळे म्हणणे तिथेच आहे. तांबटाने कुणाला औषधपाणी का सांगावे? ज्याला जे भांडे कळते त्याला त्या भांड्याने होणारे दुखणेही कळते, म्हणून.

पंचवटीतल्या एका घरी मुंज होती. हे घर आमचे जुने गिऱ्हाईक. मठ्ठा सकाळी लवकर घुसळून तांब्याच्या हंड्यात भरून ठेवला. काहीतरी रुसवाफुगवी होऊन मुहूर्त लांबला, पंगत दुपार टळल्यावर बसली. पाने उचलली जात होती तोवर माणसे ओकायला लागली. एक उठला, दुसरा उठला, मग ओसरीभर तेच. कुणी म्हणाले दृष्ट लागली. कुणीतरी दबक्या आवाजात पटकी, म्हणजे कॉलरा, म्हणाले. पंचवटीत पटकीचे नाव उच्चारणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला कळायचे नाही. सिंहस्थात यात्रेबरोबर पटकी यायची हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले. नाव निघाले की अर्धी आळी घरे सोडून चालू लागायची.

पणजोबा तिथे जेवायला नव्हते, उरलेल्या घडणावळीचे पैसे मागायला गेले होते. त्यांनी आधी विचारले, मठ्ठा कुणी कुणी घेतला? ओकणारे सगळे मठ्ठा घेतलेले. ज्या पोरांना मठ्ठा मिळालाच नव्हता ती अंगणात विटीदांडू खेळत होती. जुलाब कुणाला? अजून कुणालाच नाही. तोंडाला चव कशी? एकजण म्हणाला, पैसा चघळल्यासारखी. पणजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आत जायची सोय नव्हती, म्हणाले हंडा बाहेर आणा. पालथा करून उरलेला मठ्ठा ओतून दिला आणि आत हात फिरवला. तळाची कल्हई, म्हणजे आतून दिलेला कथलाचा मुलामा, उडालेली, खाली उघडे तांबे लालभडक, काठाच्या आतल्या बाजूला हिरवी कड. म्हणाले, “महामारी नाही. ताक कळकलंय. दूध पाजा आणि स्वस्थ निजू द्या.” कळकले म्हणजे आंबटपणाने भांड्याचे तांबे ताकात उतरले. संध्याकाळपर्यंत माणसे उठून बसली.

हा प्रसंग आजोबांच्या तोंडून मी लहानपणी दहा वेळा तरी ऐकला असेल. वहीत तो तीन ओळींत आटोपला आहे : हंडा एक, कल्हई उडाली, मठ्ठा कळकला. दूध पाजणे सांगितले. आणि तिसरी ओळ : भांडी सात, कल्हई, रोख. आजोबा गोष्ट संपवताना हसून म्हणायचे, “सल्ला फुकट, कल्हई रोख.” त्या हंड्याला आधीची कल्हई कुणी केली होती ते वहीत नाही. मला शंका आहे, पण पणजोबा आहेत, जाऊ द्या.

कल्हई आता फारशी पाहायला मिळत नाही, म्हणून चार ओळी लिहिते. भांडे राखेने, वाळूने घासून भट्टीवर तापवायचे. भाता ओढणारा पोरगा एक. भांडे पुरते तापले की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर भसकन वर यायचा, नाकात झोंबायचा. मग कथलाची कांब आत टेकवायची, ती पाण्यासारखी वितळायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवली की काळे भांडे चांदीसारखे. आम्ही पोरे त्यासाठीच ताटकळत उभी राहायचो. आंबट पदार्थ आणि तांबे-पितळ यांच्यामध्ये तो पातळ पापुद्रा आहे तोवर चिंचेची आमटी, कढी, ताक सगळे खुशाल. तो झिजला की भांडेच पदार्थात उतरते. साधे पाणी तांब्यात ठेवा, आम्हीही ठेवतो. लिंबू पिळू नका. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते.

खरी मेख पुढे आहे. कल्हईचे कथील महाग, शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळून कल्हई केली तर डोळ्याला फरक दिसत नाही, भांडे तसेच चकाकते, आणि घरातले माणूस महिनोन्‌महिने पोटदुखीने झिजत राहते. कुणाला कळत नाही कशाने. वैद्य पोट तपासणार, दवाखान्यातला डॉक्टर जीभ पाहणार, भांडे कोण पाहणार? पणजोबा बोहोरपट्टीतल्या दुकानातून कथील घेताना कांब कानाशी धरून वाकवत. शुद्ध कथील वाकताना करकरते. शिसे मुकाट्याने वाकते. दुसरी खूण म्हणजे कागदावर घासून पाहायचे, शिसे असेल तर काळी रेघ उठते. वहीत एका पानाच्या कडेला अशा पाच-सहा रेघा आहेत, शंभर वर्षे उलटून गेली तरी पुसलेल्या नाहीत. माझ्या नातवाने त्या पेन्सिलीच्या समजून खोडरबर घेतले होते. आजोबांना म्हातारपणी करकर ऐकू येईना, तेव्हा ते कांबीचे टोक दातात धरून वाकवत. दातांना कळते म्हणत. शिशाची निघाली तर तेच तोंडात जाते, हे मी त्यांना शाळेत विज्ञान शिकल्यावर सांगितले, तर त्यांनी ते ऐकलेच नाही. खरोखरच ऐकले नाही.

कारण आमच्या गल्लीत चाळिशी उलटलेला प्रत्येक पुरुष कमी-अधिक बहिरा होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोडे चालत. त्यावर औषध कुणीच सांगितलेले नाही, ना वैद्याने, ना डॉक्टरने, बहुधा ते दुखणे आहे असेच कुणाला वाटले नसावे. पण त्याचा एक परिणाम तुमच्या लेखकांच्या कामाचा आहे. आमच्याकडे कुजबूज हा प्रकारच नव्हता. वैद्यबुवा ओट्यावर बसून नाडी पाहणार आणि ‘शौचास साफ होते का’ हे कोपऱ्यावरच्या मारुतीला ऐकू जाईल एवढ्याने विचारणार. मग ज्यांचे दुखणे चारचौघांत बोलायचे नसे ते पत्र पाठवत. गल्लीतला माणूस त्याच गावातल्या वैद्याला टपालाने पत्र पाठवतो, हे मला आधी खरे वाटेना. १८७९ मध्ये पोस्टकार्ड निघाले, पाव आण्याला एक. ताप, खोकला, खरूज हे कार्डावर. बाकीचे पाकिटात, अर्ध्या आण्याचे तिकीट लावून. वहीच्या खर्चाच्या बाजूला ‘पाकीट, वैद्यबुवा’ अशी नोंद चार ठिकाणी आहे आणि त्या चारही वेळा उलट बाजूला त्या तारखेच्या आसपास काहीच लिहिलेले नाही. पणजोबांना काय झाले होते ते मला माहीत नाही आणि शोधायचेही नाही. अर्ध्या आण्यात त्यांनी ते झाकून ठेवले, झाकलेले राहू दे.

वैद्यबुवांचा आणि आमचा व्यवहार मोठा मजेचा होता. त्यांना ताम्रभस्मासाठी तांबे लागे, आम्हाला औषध लागे. रोख पैसा दोन्हीकडून नाही. वहीत ‘तांबे पत्रा, औषधापोटी’ एवढेच. त्यांना जुन्या भांड्याची मोड चालत नसे, कारण तिला झाळ, म्हणजे सांधा जोडायचा धातू, आणि कल्हई लागलेली असते, म्हणजे त्यात कथील-शिसे आलेच. कोरा पत्राच हवा, तोही कागदासारखा पातळ करून. पणजोबा तो मुद्दाम ठोकून देत. पुढे तो तापवून तेलात, ताकात, गोमूत्रात, कांजीत, कुळथाच्या काढ्यात पुन्हा पुन्हा विझवायचा, मगच भस्माची गोष्ट. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, विषाला एक दोष आणि अशुद्ध तांब्याला आठ दोष सांगितले आहेत. हे वैद्यबुवांनीच पणजोबांना ऐकवले असणार, कारण वहीत ‘तांब्यास दोष आठ’ असे लिहून खाली रेघ ओढली आहे. जन्मभर तांबे ठोकणाऱ्या माणसाने ते लिहिताना काय विचार केला असेल?

आणखी एक. त्याच शास्त्रात तांब्याच्या दोन जाती सांगितल्या आहेत, नेपाळ आणि म्लेच्छ. पैकी म्लेच्छ तांबे हलके, औषधाला त्याज्य. आणि आमच्याकडे पत्रा यायचा कुठून? विलायतेहून बोटीने मुंबईला, मुंबईहून आगगाडीने नाशिकरोडला आणि तिथून बैलगाडीने भांडी बाजारात. अक्षरशः म्लेच्छांचे तांबे. वैद्यबुवांनी यावर काय तोड काढली ते वहीत नाही, पण पत्रा ते बिनबोभाट नेत राहिले.

हकीमसाहेब भद्रकालीकडचे. त्यांचे काढे आणि सरबते कल्हईच्या देगचीतच शिजायची, म्हणून महिन्याच्या महिन्याला त्यांची भांडी आमच्याकडे. त्यांच्याकडून पैसे घेतल्याची नोंद आहे, वैद्यबुवांकडून नाही. का, ते मला उलगडलेले नाही. ‘हकीम हिशेबाला चोख’ असे मात्र पणजोबांनी कौतुकाने लिहिले आहे. सोनाराबद्दल काय लिहू? कान सोनारानेच टोचावे हे आपण म्हणीत वापरतो. वहीत ते बारशाच्या खर्चात आहे, सोन्याच्या तारेसकट.

आता दवाखान्याकडे वळते, नाहीतर ही बाई एकतर्फी लिहिते असे व्हायचे. दवाखान्याचे गुण वहीत भरपूर आहेत. पोरांना देवी टोचल्या, हात मोडला तो फळीला बांधून सरळ झाला. डोळ्यांतल्या खुपऱ्यांना तिथे मोरचुदाचा खडा फिरवत आणि आमचा न्हावीही नायट्याला मोरचूदच लावी. हाही तांब्याचाच क्षार. तेव्हा एका टोकाला शास्त्र आणि दुसऱ्या टोकाला अडाणीपणा अशी वाटणी त्या काळी इतकी साधी नव्हती.

पण दवाखान्याला धंदा कळत नसे. आजोबांचे मामा ओतारी होते, पितळ ओतायचे. मुशीत तांबे वितळले की जस्त टाकायचे. जस्त पडले की पांढरा धूर, कापसाच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसे पांढरे कण घरभर. त्या दिवशी संध्याकाळी घसा कोरडा, तोंडाला गुळमट चव, मग हुडहुडी, रात्री सणसणीत ताप, पहाटे घाम, आणि सकाळी माणूस ठणठणीत. आमच्या लोकांत अवस पाळत, त्या दिवशी भट्टी पेटायची नाही. अवस पाळून दुसऱ्या दिवशी भट्टी लावली की हा ताप हमखास, आणि रोज भट्टीशी बसले की येत नाही. मामांना दवाखान्यात हिवताप ठरवून क्विनाइन दिले. रोग रेड्याला, औषध पखालीला! वहीतली नोंद अशी : ‘क्विनाइन दिले. फार कडू. सकाळी ताप गेला. क्विनाइनला यश.’ पणजोबा असे तिरके लिहीत असत हे मला वही वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. खालची ओळ ओताऱ्यांची : अवसेनंतर पहिल्या दिवशी मूस लहान लावावी, वारा पाठीवर घ्यावा, गूळ आणि दूध घ्यावे. गुळाने काही होत असेल असे मला वाटत नाही. पण लहान मूस आणि पाठीवर वारा ही अस्सल अक्कल आहे. डॉक्टरी पुस्तकांत आता त्याला मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात आणि सुट्टीनंतर तो जास्त येतो हेही लिहितात.

यावरून सगळे जुने ते सोने असे मी म्हणते आहे, असा कुणी अर्थ काढू नये. आजोबांच्या पोटावर बिब्ब्याचे दोन डाग होते, तान्हेपणी दिलेले. आणि बाळगोळी. सकाळी हातोडे सुरू झाले की गल्लीतली तान्ही पोरे दचकून टाहो फोडायची. बायकांना भांडी चिंचेने उजळायची असत, त्या कामाचे हात वेगळे कुठून आणणार? मग बाळगोळी द्यायची. पोर ठोक्याठोक्यांत निवांत झोपायचे. बाळगोळीत अफू असते हे साऱ्यांना माहीत होते. अफू चोरून आणायची वस्तूही नव्हती, १८७८ च्या कायद्यानंतर ती परवान्याच्या दुकानात उजळ माथ्याने मिळत होती. ही गोळी कुणी सांगितली? वहीत कुणाचेच नाव नाही. ते बायकांचे बायकांना सांगणे, त्याची नोंद कोण ठेवणार? पणजीची तिसरी मुलगी सात महिन्यांची होऊन गेली. वहीत त्या दिवशी पुढच्या बाजूला दोन कळश्यांची घडणावळ आहे आणि मागच्या बाजूला ‘मुलगी गेली’ एवढे दोन शब्द. कशाने, ते पणजीने आजीला सांगितले आणि आजीने मला, माझ्या पहिल्या बाळंतपणात, न्हाणीघरात, दार लावून.

प्लेगच्या पानांवर लिहिण्यासारखे फार नाही, कारण पणजोबांनीच फार लिहिलेले नाही. ‘उंदीर पडले.’ मग ‘मळ्यात झोपडी घातली.’ गाव ओस पडल्यावर भांडी कोण घेतो? जवळच्या भगूरला सावरकर बंधूंचे वडील १८९९ च्या प्लेगात गेले, आमच्या गल्लीतली किती घरे बसली त्याची गणती आमच्याकडे तोंडीच. घरांची कौले उतरवून ऊन आत घेतले, भिंतींना चुना मारला. हाफकिनची प्लेगवरची लस निघाली तेव्हा पणजोबांनी टोचून घेतली, त्यांच्या थोरल्या भावाने नकार दिला. ‘टोचून घेतले. हात सुजला. दोन दिवस ठोका नाही.’ दोन दिवसांची मजुरी बुडाली याचे दुःख लसीपेक्षा जास्त दिसते.

लेखकांनी आयुर्वेदाचा उल्लेख दोन ओळींत उरकला आहे, म्हणून एवढे नोंदवते की अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये केली ती नाशिकलाच. पुढे १९१२ च्या मुंबईच्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांची नोंदवही झाली आणि १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची. दोन्ही कायदे हवेच होते. ओतारी, न्हावी, सोनार, कल्हईवाला यांची नोंदवही कुठे होणार होती? त्यांचे धंदे बसले तसे त्यांचे सांगणेही बसले. आमचे स्टेनलेस स्टीलने बसवले. वडिलांनी ऐरण विकली त्या दिवशी गल्ली इतकी शांत झाली की आजोबा म्हणाले, “आज ऐकू येत नाहीये की आवाजच नाहीये?”

आता दोन विनंत्या. पहिली आपल्याला. ती बाटलीची जाहिरात बंद करा असे म्हणणार नाही, धंदा आपलाही आहे. निदान लिंबाचे वाक्य तेवढे गाळायला सांगा. दुसरी विनंती वाचकांना. तिवंधा, दहीपूल, सराफ बाजार, आमची तांबट लेन, सगळीकडे वाडे उतरताहेत. सिंहस्थ तोंडावर आला की रस्ते रुंद होतात आणि माळे रिकामे होतात. माळ्यावरून अशा लाल वह्या निघतात आणि किलोने रद्दीत जातात. देण्याआधी त्या उलट्या धरून मागून उघडून पाहा. मोडी लागत नसेल तर १८४० पासूनचे आपले सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे दाखवून विचारा. गावात मोडी वाचणारी माणसेही अजून आहेत, मीही त्यांतली एक, थोडी अडखळत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. दुपारी चारनंतर कुणीही यावे.

आणि एक काम माझेही आहे. पुढून येणारा हिशेब आणि मागून येणारी औषधे वहीच्या मध्यावर जिथे भेटतात तिथलीच आठ पाने पुराच्या पाण्याने चिकटली आहेत. त्याच्या आधीच्या पानावर ‘मानमोडी आली’ असे आहे, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, साल १९१८. पणजोबा त्याच साथीत गेले. शेवटी कुणी काय सांगितले, ते त्या आठ पानांत असेल. वाफेवर धरू नका असे एकाने सांगितले, वाफेवरच धरा असे दुसऱ्याने. जुना कागद न फाटता सोडवता येणारे कुणी नाशिकात असेल तर कृपया कळवावे. मजुरी रोख देईन.

आपली,
तांबट लेनची एक माहेरवाशीण, नाशिक